निर्मळचं शून्य

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या लॅबमध्ये सगळे 'निर्मळ' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण त्याला ते माहीत आहे, आणि त्याला ते कौतुक वाटतं. ज्या माणसाला टोमणा आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही, तो माणूस लघवीतला औषधाचा अंश ओळखणारी पट्टी बनवतो. घ्या!

मी मोटार चालवायला शिकवते. माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो आणि माझ्या जिभेला ब्रेक नसतो, असं माझे विद्यार्थी म्हणतात. निर्मळलाही मी एकदा शिकवायला बसले होते. त्याने आधी मला क्लचचं तत्त्व समजावलं, मग गाडी थेट आमच्याच फाटकावर घातली, आणि खाली उतरून फाटक निरखत म्हणाला, "ताई, फाटक चुकीच्या जागी बसवलंय." त्यानंतर मी त्याला मागच्या सीटवर बसवते. रोज संध्याकाळी लॅबमधून घरी सोडते, कारण बसमध्ये लोक शिंकतात, ते त्याला चालत नाही.

दिसायला उंच, काटकुळा. कुठेही गेला तरी आधी खुर्ची पुसणार. पाणी स्वतःचं. चहा नाही, कॉफी नाही. ताप आला तरी गोळी नाही. माझं डोकं दुखलं म्हणून मी पर्समधून गोळी काढली की हा असं तोंड करतो जसं मी चोरी करतेय. "ताई, विष आहे ते." आजारी पडणं हा त्याच्या लेखी चारित्र्याचा दोष. लग्न केलं नाही. केलं असतं तर त्या बिचारीला रोज उकळून घेतलं असतं.

तो बाबांबरोबर राहतो, म्हणजे बाबा त्याला सांभाळतात. बाबांनी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या. दिवसभर चाकासमोर उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले, पण कधी तक्रार नाही. मुलगा शास्त्रज्ञ झाला यातच त्यांना सगळं मिळालं. आपला तो बाब्या! निर्मळने सांगितलं की सूर्य हिरवा आहे, तर बाबा खिडकीशी जाऊन म्हणणार, "हो रे, जरा हिरवटच दिसतोय."

आता ती पट्टी. मला कळलं तेवढं सांगते. सोनं इतकं बारीक करता येतं की ते पिवळं राहतच नाही. त्या कणांना नॅनोकण म्हणतात, आणि पाण्यात ते लालभडक दिसतात, डाळिंबाच्या रसासारखे. हे कण कागदाच्या पट्टीवर बसवायचे. वरून एक पातळ लेप द्यायचा. वेदनाशामक गोळी पोटात गेली की शरीर तिचे तुकडे करून ते लघवीवाटे बाहेर टाकतं. ते तुकडे, किंवा ती गोळीच विरघळून, पट्टीवर आली की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग जांभळा होतो. लाल म्हणजे माणूस कोरा. जांभळा म्हणजे गोळ्या खातोय.

हे कशासाठी? तर किडनीचे कितीतरी रोगी लपूनछपून दुखण्याच्या गोळ्या खातात, डॉक्टरांना नाही म्हणतात आणि किडन्या घालवून बसतात. मोठ्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो. पट्टी असली तर डॉक्टरांच्या टेबलावरच खोटं उघडं पडेल. कल्पना चांगली होती, एवढं मी मान्य करते. चांगली कल्पना कुणाच्याही डोक्यात शिरू शकते, आत जागा मोकळी असली की झालं.

पण अशा पट्टीला आधी शून्य लागतं. म्हणजे ज्याच्या अंगात औषधाचा कणही नाही अशा माणसाची लघवी. तिच्यावर पट्टी लालच राहिली पाहिजे, मग बाकीच्यांचं मोजमाप त्यावरून करायचं. लॅबमध्ये माणसांचा तोटा नव्हता. चार-पाच जणांची मिसळून घेतली असती तरी काम झालं असतं, आणि तशीच रीत असते म्हणे. पण निर्मळ उभा राहिला. हा रक्तदाबाची गोळी घेतो, ती काल सर्दीचं काहीतरी प्यायली, त्याचं तर काही सांगूच नका. "शून्य माझं घ्या," म्हणाला. तेव्हापासून लॅबच्या फ्रिजमध्ये याच्या नावाच्या बाटल्या. आमच्याकडे जेवायला आला की भाजी वाढून घेता घेता सांगायचा, "आमच्या सगळ्या पट्ट्या माझ्यावर बेतलेल्या आहेत." माझा नवरा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

मग याची कंबर धरली. दिवसभर वाकून पट्ट्या बघतो, धरणारच. डॉक्टरकडे जाईल तर निर्मळ कसला! बाजाराच्या मागे एक जडीबुटीवाला बसतो, त्याच्याकडून एक डबा आणला. झाकणावर हिरवं पान, खाली लिहिलेलं 'शंभर टक्के नैसर्गिक'. आत मातकट पूड. रोज दोन चमचे कोमट पाण्यातून. दोन-तीन दिवसांत गडी ताठ.

"निसर्ग, ताई! निसर्ग!" मागच्या सीटवरून ओरडला.

"इतक्या लवकर? मुळ्या आहेत की जादू?" मी म्हटलं.

त्यावर मला घरी पोचेपर्यंत व्याख्यान. जो माणूस माझ्या हातच्या आमटीत काय काय घातलंय ते विचारून मग चमचा उचलतो, त्याने त्या पुडीत काय आहे हे एकदाही विचारलं नाही. झाकणावरचं पान बघितलं आणि विरघळला.

पुढचं मला सोनारणीकडून कळलं. सोनारीण हे नाव निर्मळनेच ठेवलेलं. ती त्याच्या हाताखालची संशोधक, सोन्याचं ते लाल पाणी तीच बनवते. माझ्याकडे गाडी शिकायला येते. हात स्थिर, डोकं शांत, फक्त वळणावर इंडिकेटर विसरते. शिकता शिकता ती लॅबचं काहीबाही सांगायची आणि मी हसून घ्यायचे.

तर झालं असं की निर्मळची कंबर सुधारली आणि इकडे पट्ट्या जांभळ्या पडायला लागल्या. कशावर? याच्याच शून्यावर! आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? म्हटलं असतं, अरे, माझ्यात काही आलंय का? हा सोनारणीवर घसरला. तुझं सोनं खराब आहे. तिने सगळं ओतून दिलं, काचसामान घासलं, नवं पाणी बनवलं. जांभळं. पुन्हा ओतलं, पुन्हा बनवलं. जांभळंच. शेवटी ती म्हणाली, "सर, एकदा दुसऱ्या कुणाचा नमुना घालून बघू या का?"

"म्हणजे खोट माझ्यात आहे?" म्हणाला, आणि आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग याने स्वतः बसून कणांवरचा लेप जाड केला. थोडा जाड, आणखी जाड, त्याच्या लघवीवर पट्टी लाल राहीपर्यंत. आणि जाहीर केलं, "पट्टी आता स्थिर झाली." सगळ्यांना केक दिला. कुत्रा भुंकतोय म्हणून मालकाने कुत्र्याचंच तोंड बांधलं, आणि घरात शिरलेला चोर मालकाच्याच खिशात बसलेला! सोनारणीने पहिल्या कृतीच्या थोड्या पट्ट्या मात्र टाकल्या नाहीत, खणात ठेवून दिल्या.

याच सुमाराला बाबांचे पाय सुजायला लागले. जिना चढून आले की खुर्चीत बसून राहायचे, बोलायचे नाहीत. रक्त तपासलं तर किडनीचे आकडे वाईट. मी त्यांना किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, निर्मळही बरोबर आला, घरातला शास्त्रज्ञ ना!

बाईंनी सरळ विचारलं, "आजोबा, गुडघेदुखीवर गोळ्या घेता?"

"नाही हो."

"काढे, पुड्या, जडीबुटी? काहीही?"

बाबांनी निर्मळकडे पाहिलं. निर्मळ म्हणाला, "डॉक्टर, आमच्या घरात औषध येत नाही."

बाबा मान डोलावून म्हणाले, "औषध नाही घेत मी."

मला तेव्हा वाटलं, मुलाच्या धाकाने बिचारे साधी गोळीही घेत नाहीत. बाईंनी एक बाटली दिली, लघवी भरून खालच्या लॅबमध्ये द्या म्हणाल्या. "मी बघतो," म्हणून निर्मळने बाटली खिशात घातली. खाली दिलीच नाही. घरी नेऊन स्वतःच्या जाड लेपाच्या पट्टीवर तपासली. लाल. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. हा कळसा काखेत घेऊन कळसा नाहीच असं सिद्ध करत होता. पुढच्या खेपेला बाईंना म्हणाला, "तपासलंय मी. शून्य आहे."

"तुमच्या पट्टीला अजून मान्यता नाही. मला लॅबचा रिपोर्ट हवा," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर जिन्यात हा म्हणाला, "या बाईंना विज्ञान कळत नाही." आणि बाबा, सुजलेल्या पायांनी एकेक पायरी उतरत, हो म्हणाले. तो रिपोर्ट कधी झालाच नाही. मी विचारलं की "दिलाय, दिलाय" म्हणायचा. आकडे चढत गेले. शेवटी बाई म्हणाल्या, कारण सापडत नाही, तेव्हा किडनीत सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल. तारीख ठरली.

मधल्या दिवसांत निर्मळ परिषदेला गेला. आठवडाभर. डबा घरीच विसरला. तिकडे स्वतःच्या पट्टीची टाळ्या घेऊन वर्णनं केली आणि परत आला तो थेट लॅबमध्ये, कारण त्या दिवशी पट्टी बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. जाड लेपाच्या पट्ट्या संपल्या होत्या. सोनारणीने खणातल्या जुन्या, पातळ लेपाच्या काढून टेबलावर मांडल्या; घाईत याने त्या निरखल्याही नाहीत. पाहुण्यांसमोर याने आपली ताजी बाटली ठेवली, पट्टी बुडवली. लाल. "हे शून्य," म्हणाला, छाती फुगवून. तिथे थांबला असता तर निभावलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण! कितीही जुना नमुना असला तरी माझं शून्य हलत नाही हे दाखवायचं म्हणून फ्रिजमधली महिन्यापूर्वीची बाटली काढली. पट्टी बुडवली. जांभळी. दुसरी बुडवली. जांभळी. दोन्ही बाटल्यांवर नाव याचंच. पाहुण्यांपैकी एक जण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हे आपणच का?"

पाहुणे गेल्यावर सोनारणीने विचारलं, "सर, या आठवड्यात काय बंद होतं तुमचं?"

"मी काही घेतच नाही. फक्त ती पूड..." आणि तिथे थांबला. दुसऱ्या दिवशी पूड आणली, पाण्यात कालवली, पट्टी बुडवली. काळपट जांभळी. मुळ्यांच्या नावाखाली ठासून भरलेलं वेदनाशामक.

हे सगळं सोनारीण मला गाडी चालवता चालवता सांगत होती. मी हसत होते. खरं सांगते, पोट धरून हसत होते. निर्मळरावांच्या अंगात भेसळ! मग ती म्हणाली, "डब्यावर तर हिरवं पान आहे हो ताई, किती विश्वासाने घेतात लोक."

आणि मला बाबांच्या उशाशी ठेवलेला डबा दिसला. गेल्याच रविवारी चादर बदलताना मी तो उचलून बाजूला ठेवला होता. निर्मळचा असेल, म्हणून.

मी ब्रेकवर पाय दिला. मागचा माणूस हॉर्न वाजवून शिव्या घालून गेला. "सरक," मी सोनारणीला म्हटलं, आणि गाडी घेतली.

बाबा खुर्चीत बसले होते. उशाशी डबा नव्हता.

"बाबा, ती पूड तुम्ही घेत होता?"

"हो. गुडघ्यांना चांगली होती. त्यानेच दिली. मग किडनीला ताकद यावी म्हणून दुप्पट करायला सांगितली."

"आणि डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"अगं, ते औषध नाही. तो म्हणाला ना, अन्नच आहे ते." मग म्हणाले, "चार दिवसांपूर्वी डबा घेऊन गेला. पूड खराब झाली म्हणाला."

चार दिवस! चार दिवस या माणसाला माहीत होतं. सुईची तारीख परवावर आलेली, बाई कारण शोधतायत, आणि हा डबा घेऊन गप्प. मी त्याच्या खोलीत गेले. तो टेबलाशी बसला होता, डबा समोर.

"बाईंना फोन केलास?"

"ताई, तू समजून घे. आत्ता हे बाहेर आलं तर दोन वर्षांचं काम जाईल. सगळी शून्यं माझी आहेत. मला आधी आकडे दुरुस्त करू दे."

"परवा बाबांच्या पाठीत सुई घालणार आहेत."

"तसं ते सुरक्षित असतं," म्हणाला.

मी आयुष्यात पुष्कळ मठ्ठ माणसं पाहिली आहेत. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारी पाहिली आहेत. पण ती दाबल्यावर किंचाळतात तरी! हा शांत बसून मला सुईची सुरक्षितता सांगत होता. त्या क्षणापासून माझ्या मनातून तो उतरला तो उतरलाच. मी डबा उचलला, बाबांना आणि सोनारणीला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. बाईंनी डबा पाहिला, झाकणावरचं पान पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा बंद केलं असतं तर बरंचसं वाचलं असतं."

सुई टळली. किडन्या नाही वाचल्या. दोन महिन्यांनी बाबा डायलिसिसवर गेले. आठवड्यातून तीनदा मी त्यांना नेते. लांबोडकी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक यंत्र, आणि रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येतं. बाबा खिडकीजवळची खुर्ची मागून घेतात आणि नर्सच्या चष्म्याच्या काचा कुणी घासल्या असतील यावर मत देतात. एकदाही मुलाला बोल लावला नाही. मी लावला की म्हणतात, "त्याला माहीत नव्हतं गं." शेवटच्या चार दिवसांचं मी काढलं की ऐकू येत नाही असं दाखवतात.

आणि निर्मळ? तुम्हाला वाटेल तोंड लपवून बसला असेल. कसला! तो यातूनही वर आला. पातळ लेपाची पट्टी इतकी तीक्ष्ण की भेसळयुक्त पुडीही पकडते, असा नवा निबंध लिहायला घेतला. पट्टीने स्वतःच्या निर्मात्यालाही सोडलं नाही, हे वाक्य तो हल्ली लोकांना हसत हसत ऐकवतो. लोक त्याला प्रामाणिक म्हणतात. सोनारणीने दुसऱ्या लॅबमध्ये अर्ज केला. तिला गाडीचा परवानाही मिळाला.

परवा तो डायलिसिसच्या खोलीत आला. एरवी येत नाही, तिथली हवा त्याला सोसत नाही. खुर्ची पुसली, बसला, आणि खिशातून बाटली काढली.

"बाबा, एक नमुना हवा होता. पूड बंद केल्यानंतरचा. आधीचा आहे माझ्याकडे, तुम्ही दिलेला. दोन्ही शेजारी शेजारी दाखवले की निबंध पूर्ण होईल."

बाबांनी लगेच हात पुढे केला. यंत्र सुटल्यावर मला म्हणाले, "जरा धर." मी त्यांना बाथरूमपर्यंत नेलं. दार लोटून घेतलं त्यांनी. आम्ही बाहेर उभे. तो घड्याळ बघत होता. आत नळ सोडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मला कळत होतं आत काय चाललंय, आणि दारावर हात ठेवूनही मला ते ढकलता येईना. कितीतरी वेळाने दार उघडलं. बाबांच्या हातात बाटली कोरडी होती.

"नाही रे होत आता," ते त्याला म्हणाले. "पंधरा दिवस झाले, थेंबही नाही. म्हटलं तुझ्यासाठी तरी येईल. रागावू नकोस हं."

"थोडं पाणी पिऊन बघा ना," तो म्हणाला.

आणि माझ्या बापाने, ज्याला दिवसाला दोन पेले पाण्याची परवानगी आहे, नर्स दिसते का ते आधी पाहिलं, आणि मग पेल्यासाठी हात पुढे केला.